वर्गात व्हीआर हेडसेट वापरायचाय? आधी तास ठरवा, मग खोका उघडा

शाळेत व्हीआरचे, म्हणजे डोळ्यांवर चढवून आतलं आभासी जग (व्हर्च्युअल रिॲलिटी) बघायचे हेडसेट आले की पहिल्या दिवशी काय होतं ते मी आता न बघताही सांगू शकते. खोके उघडतात, मुलं गराडा घालतात, कोणीतरी रोलर कोस्टर लावतं, मग किंकाळ्या, हशा, दोन-तीन मुलं पांढरीफटक होऊन खाली बसतात आणि घंटा होते. दुसऱ्या दिवशी विचारा काय शिकलात, तर उत्तर एकच, "भारी होतं बाई." असे दोन-चार तास झाले की एक चार्ज होत नाही, एकाचा हातात धरायचा कंट्रोलर सापडत नाही आणि सगळे हेडसेट कपाटात जाऊन बसतात ते बसतातच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हीच वस्तू नीट वापरली की मागच्या बाकावरचं, वर्षभर तोंड न उघडणारं मूल धडाधड बोलायला लागतं हे मी स्वतः बघितलंय.

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे उदाहरणं जास्त विज्ञानाची येतील, पण पद्धत कुठल्याही विषयाला चालते. आणि सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते. हेडसेट डोळ्यांवर असतो ती सात-आठ मिनिटं म्हणजे तास नाही. त्याच्याआधी विचारलेला प्रश्न आणि हेडसेट काढल्या काढल्या वहीत लिहिलेल्या चार ओळी, शिकणं खरं तिथे होतं.

हे माझं नुसतं मत नाहीये. २०१८ मध्ये पॅराँग आणि मेयर या दोन संशोधकांनी कॉलेजच्या मुलांवर केलेला प्रयोग छापून आला. विषय होता रक्तातल्या पेशी, एका गटाला हेडसेटमधून दाखवलं आणि दुसऱ्या गटाला कम्प्युटरवर साध्या स्लाइड्समधून. मजा हेडसेटवाल्यांना जास्त आली पण चाचणीत मार्क स्लाइडवाल्यांना जास्त पडले. मग त्यांनी पुढचा प्रयोग केला, त्यात हेडसेटवाल्यांनाच मध्ये मध्ये थांबवून आत्तापर्यंत काय बघितलं त्याचा सारांश लिहायला लावला, आणि तेवढ्यानं त्यांचं शिकणं सुधारलं, मजाही कमी झाली नाही. २०१९ मध्ये मक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच प्रयोगशाळेच्या सिम्युलेशनवर केलं, मेंदूच्या लहरीसुद्धा मोजल्या, आणि तिथेही हेच दिसलं की हेडसेटमध्ये "मी तिथे आहे" ही भावना वाढते, पण मेंदूवर ताण येतो आणि शिकणं कमी होतं. म्हणजे नुसता हेडसेट चढवून दिला तर आपण मुलांचं नुकसानही करू शकतो. मी हे वाचलं तेव्हा आधी हिरमुसले आणि मग माझे सगळे तास नव्याने बसवले.

कुठल्या धड्याला वापरायचा

स्टॅनफर्ड विद्यापीठात व्हीआरवर अनेक वर्षं काम करणारे जेरेमी बेलेन्सन चार कसोट्या सांगतात आणि मला त्या फार उपयोगी पडल्यात. प्रत्यक्षात करणं धोक्याचं असेल, अशक्य असेल, केल्यानं उलट नुकसान होणार असेल किंवा परवडणारच नसेल, तरच व्हीआर. ज्वालामुखीच्या तोंडाशी उभं राहणं धोक्याचं. हृदयाच्या आत शिरणं अशक्य. जंगल तोडल्यावर काय होतं हे दाखवायला खरं जंगल तोडणं म्हणजे नुकसान. आणि पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटरवर फिरणाऱ्या, दर ९० मिनिटांनी एक फेरी मारणाऱ्या अंतराळ स्थानकावर अख्खा वर्ग नेणं, ते तर कोणालाच परवडणार नाही.

यातल्या एकाही कसोटीत तुमचा धडा बसत नसेल तर हेडसेट कपाटातून बाहेर काढू नका. बी रुजताना दाखवायचंय तर खरं बी आणा, ओला कापूस आणा. अपूर्णांकांना कागद घडी घालून जे कळतं ते हेडसेटमध्ये कळत नाही. आणि वाचायचा मजकूर तर हेडसेटमध्ये कधीच देऊ नका, अक्षरं डोळ्यांना त्रास देतात आणि मुलं कंटाळतात. मी वर्षभरात एका वर्गाला पाच-सहा तासच हेडसेटवर घेते, त्याहून जास्त लागतही नाहीत.

कुठला हेडसेट, कुठल्या वयाला

हेडसेट घ्यायला गेलात की दोन शब्द कानावर येतील, ३ डॉफ आणि ६ डॉफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे हेडसेट किती प्रकारच्या हालचाली ओळखतो). ३ डॉफ म्हणजे मान वळवली की चित्र वळतं पण तुम्ही पुढे वाकलात तर काही बदलत नाही, जागेवर बसून चौफेर बघणं एवढंच. ६ डॉफमध्ये वाकता येतं, वस्तूभोवती फिरता येतं, हातात घेऊन उलटीपालटी करता येते. नुसते ३६० अंशांतले, चौफेर दिसणारे व्हिडिओ दाखवायचे असतील तर पहिला प्रकार पुरतो. हृदय, रेणू, यंत्राचे भाग असं हाताळायचं असेल तर दुसराच हवा.

फोन घालून वापरायचे पुठ्ठ्याचे चष्मे आठवत असतील, गूगलने २०१४ मध्ये आणलेले कार्डबोर्ड. त्यावर एक्सपिडिशन्स नावाचं शाळांसाठीचं ॲप होतं, शिक्षक टॅबलेटवरून सगळ्यांना एकाच वेळी सहलीला न्यायचे, कितीतरी शिक्षकांनी वर्षभराचे तास त्यावर बांधले होते, आणि जून २०२१ मध्ये ते बंद झालं. त्यातून घ्यायची गोष्ट अशी की तासाचं टाचण ॲपच्या नावाने लिहू नका. "मुलांनी हृदयाच्या डाव्या आणि उजव्या निलयाच्या (खालच्या कप्प्यांच्या) भिंतीतला फरक आतून बघणे" असं लिहा, म्हणजे उद्या ॲप गेलं तरी दुसरं शोधता येतं, नाहीतर ३६० फोटोवर भागवता येतं.

वयाचं मात्र गांभीर्याने घ्या. क्वेस्ट हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीची अट आधी १३ वर्षांची होती, २०२३ मध्ये ती १० वर आली पण तीही पालकांच्या ताब्यातल्या अकाउंटसाठी. शाळांसाठीच्या अकाउंटचे आणि दुसऱ्या कंपन्यांचे नियम वेगळे असतात, घेण्याआधी नीट वाचा. आणि हे नुसतं कागदावरचं कारण नाहीये. बहुतेक हेडसेट मोठ्या माणसाच्या डोक्याला आणि डोळ्यांना बेतलेले असतात. क्वेस्ट २ चं वजन अर्धा किलोच्या आसपास आहे, तेवढं ओझं लहान मुलाच्या मानेवर पुढच्या बाजूला लोंबतं. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोठ्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर असतं आणि क्वेस्ट २ च्या भिंगांना तीनच जागा आहेत, ५८, ६३ आणि ६८. मुलाचं अंतर ५८ पेक्षा कमी असेल तर त्याला सगळं किंचित धूसर दिसणार, आणि मुलं हे सांगत नाहीत, त्यांना वाटतं असंच असतं! म्हणून विचारायचं "दिसतंय का" असं नाही, "ती पाटी मोठ्याने वाच" असं सांगायचं.

दुसरी गोष्ट डोळ्यांचीच. समोर जवळची वस्तू दिसते म्हणून दोन्ही डोळे आत वळतात, पण पडद्याचा फोकस तर एकाच ठराविक अंतरावर असतो, त्यामुळे डोळ्यांचे दोन स्नायू दोन वेगळी कामं करत बसतात आणि थकतात. म्हणून एका वेळी सात-आठ मिनिटं, फार तर दहा, आणि काढल्यावर खिडकीबाहेर लांब बघायचं.

अजून एक. २००९ मध्ये सेगोव्हिया आणि बेलेन्सन यांनी लहान मुलांवर अभ्यास केला होता, मुलांना व्हीआरमध्ये ती स्वतःच देवमाशांबरोबर पोहताहेत असं दाखवलं, आणि काही दिवसांनी त्यातल्या बऱ्याच प्राथमिकच्या मुलांना ते खरंच घडलंय असं वाटत होतं. हे वाचल्यापासून अगदी लहान वर्गांना मी हेडसेट देतच नाही, त्यांना तोच ३६० व्हिडिओ टॅबलेटवर फिरवून बघायला देते, तेवढ्यात ती खूश असतात.

किती हेडसेट लागतात याचा हिशोब

प्रत्येकाला एक हवाच असं काही नाही, उलट नकोच. ३२ मुलं एकाच वेळी डोळे झाकून बसली की एक शिक्षक काहीच बघू शकत नाही. ३२ मुलांना ८ हेडसेट घेतले तर चार फेऱ्या होतात, फेरीला ८ मिनिटं धरली तर ३२ मिनिटं, मधली पुसापुसी आणि घालणं-काढणं प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे झाली ४४. एका तासात हे बसत नाही, जोडतास घ्यावाच लागतो, आणि आधीचं बोलणं-नंतरचं लिहिणं त्यात अजून आलंच. मी पहिल्यांदा एका तासात कोंबायला गेले होते, शेवटच्या फेरीतल्या आठ मुलांना जेमतेम दोन मिनिटं मिळाली आणि त्यातली एक मुलगी काही न बोलता दप्तर भरायला लागली. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून जोडतास नसेल तर मी हेडसेट कपाटातून काढत नाही.

फेरीत नसलेली मुलं रिकामी बसवायची नाहीत. एक गट हेडसेटवर, एक त्यांचे जोडीदार, एक गट मॉडेल किंवा आकृतीवर, एक लिहिण्यावर, आणि गट फिरत राहतात.

आदल्या दिवशी

हा भाग कंटाळवाणा आहे पण तास इथेच जिंकला किंवा हरला जातो.

प्रत्येक हेडसेटला नंबर चिकटवा, आणि तोच नंबर त्याच्या दोन्ही कंट्रोलरवर. हे केलं नाही तर सकाळी ३ नंबरच्या हेडसेटला ७ नंबरचे कंट्रोलर घेऊन तुम्ही सगळी बटणं दाबत बसाल. आदल्या दुपारी सगळे चालू करून अपडेट होऊ द्या, अपडेट संपल्यावर पुन्हा एकदा उघडून ॲप सुरू होतंय ना ते बघा, कारण काही वेळा अपडेटनंतर परवानग्या नव्याने मागतात. माझ्या एका तासाला आठपैकी पाच हेडसेटनी मुलांच्या डोळ्यांवर असतानाच अपडेट मागितलं होतं, वायफायचा पार जीव गेला आणि तास अर्ध्यावर सोडावा लागला. जे दाखवायचंय ते आधीच डाउनलोड करून ठेवा, तासाला इंटरनेटवरून काहीही चालवायचं नाही. रात्री चार्जिंगला लावा, पूर्ण चार्जवर साधारण दोन तास चालतात, म्हणजे लागोपाठ दोन वर्ग घ्यायचे असतील तर मध्ये चार्जिंगची सोय हवी. कंट्रोलर सेलवर चालणारे असतील तर जास्तीचे सेल खिशातच ठेवा.

आठाहून जास्त हेडसेट असतील तर एकेकाला हात लावत बसणं अवघड होतं, मग सगळे एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर घ्यायचा विचार करा. त्यात किऑस्क मोड असतो, हेडसेट घातला की थेट तुमचं ॲपच उघडतं, मेन्यू दिसतच नाही, त्यामुळे मूल चुकून ॲपच्या दुकानात किंवा अनोळखी लोकांच्या चॅटरूममध्ये जाऊ शकत नाही. ते सॉफ्टवेअर नसलं तरी दोन गोष्टी कराच, मायक्रोफोन बंद आणि लोकांशी बोलायची ॲप काढून टाकलेली. मुलांच्या स्वतःच्या नावाचं अकाउंट टाकू नका. हेडसेट डोक्याची-हातांची प्रत्येक हालचाल टिपत असतो, काही तर नजरही टिपतात, आणि ती माहिती कुठे जाते हे मुलाला कळणं शक्य नाही, म्हणून ती काळजी आपणच घ्यायची.

ऊन! हे मोठ्या अक्षरात लिहून कपाटावर चिकटवा. हेडसेटचं भिंग म्हणजे शेवटी भिंगच, त्यावर थेट ऊन पडलं की ते आतल्या पडद्यावर एकवटतं आणि पडदा जळतो, मिनिटभराचंही काम नाही. आमचा एक हेडसेट खिडकीच्या कट्ट्यावर भिंगं वर करून राहिला, आता त्यात जिथे बघाल तिथे एक पिवळट ठिपका दिसतो आणि तो जात नाही. टेबलावर ठेवताना भिंगं नेहमी खाली, किंवा वर कापड.

पालकांना चिठ्ठी

परवानगी घ्याच, पण नुसती सही नको. चार गोष्टी विचारा. झटके किंवा अपस्मार आहे का, प्रवासात मळमळतं का, अर्धशिशी किंवा डोळ्यांचा काही उपचार चालू आहे का, आणि शरीरात बसवलेलं काही वैद्यकीय उपकरण आहे का, कारण हेडसेटमध्ये चुंबकं आणि रेडिओ लहरी असतात आणि कंपन्या स्वतःच याबद्दल सावध करतात. शंका असेल तर त्या मुलाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आणि ज्यांना जमणार नाही त्यांना वर्गासमोर "तू बस बाजूला" असं कधीही म्हणू नका. त्यांच्यासाठी तोच अनुभव टॅबलेटवर तयार ठेवा आणि हेडसेटमधलं चित्र बाहेर सगळ्यांना दाखवणाऱ्या (कास्टिंगच्या) स्क्रीनवर त्यांनाच बसवा, वाटाड्या म्हणून. ज्याला एकाच डोळ्यानं दिसतं त्याला खोली जाणवणार नाही पण बाकी सगळं बघता येतं, त्याला हवं असेल तर द्या. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालायची सोय असलेलं स्पेसर लावा, आणि घालताना आधी पुढून चष्म्यावर बसवून मग पट्टा मागे, नाहीतर भिंगावर चरे पडतात आणि ते चरे कायमचे.

तासाची सुरुवात

मूल जागेवर बसलेलं हवं. गोल फिरणारी खुर्ची असेल तर उत्तम, चाकं मात्र नकोत. उभं राहून करायचं असेल तर एका मुलाला दोन बाय दोन मीटर मोकळी जागा लागते, वर्गात ती आठ जणांना मिळत नाही, तेव्हा बसूनच. दप्तरं भिंतीकडे. कंट्रोलरची दोरी मनगटात.

जोड्या करा, आणि ही गोष्ट माझ्या मते या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची आहे. एक आत, एक बाहेर. आतल्यानं काय दिसतंय ते सतत बोलत राहायचं, बाहेरच्यानं ते वहीत लिहायचं आणि प्रश्न विचारायचे. आतल्या मुलाला बघितलेलं शब्दात आणावं लागतं, बाहेरच्याला न बघता समजून घ्यावं लागतं, आणि गोंगाट झाला तरी तो कामाचा गोंगाट असतो. सुरक्षेचं कामही जोडीदारच करतो. एकच कडक नियम, न सांगता हात लावायचा नाही, आधी नाव घेऊन बोलायचं मग खांद्यावर हात. डोळे झाकलेल्या मुलाला कोणी टपली मारली किंवा फोटो काढला तर त्याचा हेडसेटवरचाच नाही, वर्गावरचाही विश्वास उडतो. हे मी पहिल्याच दिवशी हसत हसत नाही, नीट गंभीरपणे सांगते.

पहिल्या तासाला धडा घेऊच नका. दोन-दोन मिनिटं शांत जागा दाखवा, समुद्रकिनारा, डोंगरमाथा, काहीही, बघू दे इकडेतिकडे, "आईशप्पथ" म्हणू दे. ती नवलाई निवली की मगच डोक्यात काही शिरतं. याच तासाला थांबायची खूण शिकवा. मळमळलं, भीती वाटली, काहीही वाटलं तर आधी डोळे मिटायचे आणि मग हेडसेट वर सरकवायचा, विचारायची गरज नाही. डोळे मिटले की निम्मा त्रास तिथेच थांबतो, कारण त्रास होतो तो डोळे म्हणतात आपण चाललोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण बसलोय या भांडणामुळे. म्हणून सरकत्या, उडत्या, धावत्या गोष्टी टाळा, ॲपमध्ये हलायची पद्धत निवडता येत असेल तर टेलिपोर्ट निवडा, म्हणजे बोट दाखवलं तिथे थेट पोचायचं, मधला प्रवास नाही.

एक तास जवळून

हृदयाचा तास घ्या. आधी पाच मिनिटं फळ्यावर काहीच न काढता मी तीन प्रश्न लिहिते. चार कप्प्यांपैकी कुठल्याची भिंत सगळ्यात जाड आहे? झडप कुठल्या बाजूला उघडते? तुला इथे जे दिसतंय त्यात खोटं काय आहे? तिसऱ्या प्रश्नाला मुलं गोंधळून बघतात, ते ठीक आहे.

तीन मिनिटं वरून-बाहेरून, मग हेडसेट वर, दोन ओळी लिहा. पुन्हा तीन मिनिटं आत, पुन्हा दोन ओळी. गेल्या खेपेला एक मुलगा डाव्या निलयात होता, हात लांब करून हवेत काहीतरी चाचपत होता, आणि त्याच्या शेजारची मुलगी उजव्या निलयात. तो म्हणाला, "इथली भिंत केवढी जाड आहे, माझा हात जातच नाही संपेपर्यंत." ती म्हणाली, "माझी तर पातळ आहे." बाहेर बसलेला त्याचा जोडीदार लिहिता लिहिता थांबला आणि त्याने विचारलं, "पण रक्त तर दोन्हीकडे सारखंच ना, मग तुझीच का जाड?" मी गप्प राहिले. अर्ध्या मिनिटाने त्या मुलीनेच हेडसेट न काढता सांगितलं की माझं रक्त शेजारी फुप्फुसात जायचंय, त्याचं पार पायापर्यंत. पुस्तकातल्या आकृतीत ती भिंत जाडच छापलेली असते, इतकी वर्षं शिकवतेय, त्याआधी एकाही मुलाने ते मला विचारलं नव्हतं.

आणि तिसरा प्रश्न. बऱ्याच ॲपमध्ये ऑक्सिजन कमी असलेलं रक्त निळं दाखवतात. पुस्तकात निळा रंग छापला तर मुलाला तो रंग वाटतो, पण हेडसेटमध्ये त्याने निळ्या रक्तात उभं राहून बघितलेलं असतं, त्याला ते डोळ्यांनी बघितलेलं सत्य वाटतं. ते रक्त गडद लाल असतं, निळं कधीच नसतं, हे त्याच तासाला, त्याच क्षणी सांगायला लागतं. आकाराचंही तसंच, तांबडी पेशी तिथे फुटबॉलएवढी दिसते, खरी असते सात-आठ मायक्रोमीटरची. मी त्यांना गणित घालते, एका मिलिमीटरमध्ये ओळीने किती बसतील, उत्तर सव्वाशे-दीडशेच्या मध्ये येतं आणि मुलं आपल्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरकडे बघत बसतात. तुम्ही जो अनुभव निवडाल त्यातलं खोटं काय ते आधी स्वतः शोधून ठेवा, सौरमालेत ग्रह फार जवळजवळ असतात, रेणू रंगीत असतात, असं प्रत्येकात काही ना काही सापडतंच.

एका वेळी एकच हेडसेट मोठ्या स्क्रीनवर कास्ट करा, सगळे केले की वायफाय दमतं. राउटरवर ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा असेल तर हेडसेट त्यावर ठेवा.

इतिहासाच्या तासाला मात्र वेगळं जपावं लागतं. नाझींपासून लपून राहून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीचं संग्रहालय, ॲन फ्रँक हाउस, त्याचा एक व्हीआर अनुभव आहे, २०१८ सालचा, ज्या गुप्त घरात आठ माणसं दोन वर्षांहून जास्त लपून राहिली त्या खोल्या त्यात सामानासकट दाखवल्यात. ॲमस्टरडॅमच्या खऱ्या संग्रहालयात त्या खोल्या रिकाम्या आहेत, ॲनच्या वडिलांच्या इच्छेनुसार तशाच ठेवलेल्या. या दोन्हींतला फरक मुलांशी बोलायला फार मोलाचा आहे, पण असा अनुभव दाखवला की लगेच पुढचा गट बसवू नका, मुलांना थोडं शांत बसू दे, कोणाला रडू आलं तर येऊ दे.

काढल्यावर

हेडसेट खाली ठेवला की पुस्तक बंद ठेवून आठवणीतून आकृती, पाच मिनिटं, वाकडी आली तरी चालेल. त्यानंतर पुस्तकातल्या आकृतीशी ताडून दुरुस्ती दुसऱ्या रंगाच्या पेनाने. दोन दिवसांनी हेडसेटचं नावही न काढता एक प्रश्न विचारा, "उजव्या निलयाची भिंत डाव्याएवढीच जाड असती तर काय बिघडलं असतं?" उत्तरं आली तर तास झाला, नाही आली तर पुढच्या वेळी बघणं कमी आणि लिहिणं जास्त.

दोन-तीन वेळा जमलं की मुलांना बघायला देण्याऐवजी करायला द्या. हवेत रंगवायची ॲप असतात, ओपन ब्रश फुकट आहे, त्यात मुलांनी पेशी काढून तिच्या आत दुसऱ्याला फिरवून आणायचं. किंवा ३६० फोटो काढून त्यावर माहितीच्या खुणा लावून आपल्याच शाळेच्या बागेची सफर बनवायची. त्यात वेळ फार जातो, पण तो वेळ मला कधी वाया गेल्यासारखा वाटला नाही.

स्वच्छता प्रत्येक मुलानंतर, अपवाद नाही. चेहऱ्याला टेकणारा भाग सिलिकॉनच्या कव्हरचा असेल तर पुसायला सोपा, बिनअल्कोहोलच्या वाइपने पुसा आणि वाळू द्या, ओलाच दुसऱ्याला देऊ नका. भिंगाला मात्र काहीही ओलं लावायचं नाही, कोरडं मायक्रोफायबरचं कापड, मधून बाहेर हलक्या हाताने. डोळे आलेल्या मुलाला त्या आठवड्यात हेडसेट नाही, पण त्याला कारण एकट्याला बाजूला घेऊन सांगा. केस मोकळे असतील तर आधी बांधायचे.

सगळं संपल्यावर दोन मुलांना जबाबदारी द्या, आणि ती दर वेळी बदलती ठेवा. नंबर मोजायचे, भिंगं खाली करून ठेवायचे, वायर लावून दिवा लागला का बघायचं, आणि कपाटाच्या दारावर अडकवलेल्या वहीत लिहायचं, ४ नंबरचा पट्टा सैल, ६ नंबरच्या उजव्या कंट्रोलरचं बटण अडकतं. पुढच्या वेळी आदल्या दुपारी पहिल्यांदा ती वही उघडायची.